वारसाहक्काने बंदूक!

आई-बाबांकडून फ्लॅट मिळतो, एफडी मिळते, फार तर आजीच्या पाटल्या. मला ऑफर आली ती दोन नळ्यांच्या बारा बोरची! घेऊ की नको, हे ठरवण्यासाठी मालवणच्या मळ्यात काढलेल्या एका रात्रीची ही गोष्ट.

शुक्रवार, संध्याकाळचे सात. अंधेरीतल्या एका कॅफेत मी लॅपटॉप उघडून बसले होते. समोर गार झालेली कॉफी, डोक्यावर डेडलाइन. तेवढ्यात बाबांचा फोन.

"गो, बंदुकीचा काय करतलंस?"

बाबा रिटायर होऊन गावी गेले तेव्हापासून फोनवर फक्त मालवणीच बोलतात. मला आधी वाटलं, रेंज नाही म्हणून काहीतरी भलतंच ऐकू आलं. पण नाही. त्यांची सत्तरी झाली होती, परवान्याचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं आणि आमच्या घरातली बंदूक आता माझ्या नावावर करावी, असं त्यांच्या मनात होतं. मी एकुलती एक. म्हणजे पर्याय दोनच, मी किंवा पोलिस ठाणं.

रात्री ग्रुपवर टाकलं. "आपल्याला बंदूक मिळतेय!" पुढची दहा मिनिटं नुसता दंगा. "सॉलिड यार!" "बॉसला सांगितलंस का? अप्रेझल पक्कं!" वगैरे वगैरे. एकट्या एका मित्राने सीरियसली घेतलं. हा दर रविवारी रेंजवर जाऊन एअर रायफल चालवणारा. त्याने विचारलं, "कुठली आहे? कॉम्बिनेशन तर नाही ना?"

कॉम्बिनेशन? मला एकदम मिसळ-पाव आठवला.

अंतराळात गेलेली बंदूक

तर फंडा असा आहे. छर्‍याच्या बंदुकीची, म्हणजे शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्यातून एका वेळी अनेक छर्रे सुटतात आणि पसरतात. उडता पक्षी, पळता ससा असं जवळचं आणि हलतं लक्ष्य असलं की ती कामाची. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यामुळे एकच गोळी स्वतःभोवती फिरत सरळ आणि लांब जाते. मोठ्या जनावरासाठी ही. आता जंगलात पायी चाललेल्या माणसापुढे आधी काय येणार, रानकोंबडा की डुक्कर, हे त्याला कसं कळणार? दोन बंदुका खांद्यावर घेऊन कोण फिरणार? म्हणून युरोपातल्या, मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या कारागिरांनी दोन्ही नळ्या एकाच दस्त्यावर बसवल्या. दोन नळ्या छर्‍याच्या आणि एक रायफलची असली की तिला म्हणतात ड्रिलिंग. जर्मनमध्ये 'द्राय' म्हणजे तीन, त्यावरून हे नाव.

हे प्रकरण किती गाजलं असावं? दुसर्‍या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या वैमानिकांना चक्क ड्रिलिंग दिल्या होत्या. विमान वाळवंटात पडलं तर जगायला उपयोगी पडेल म्हणून! आणि 1965 च्या मार्चमध्ये रशियाचे अलेक्सी लिओनोव आणि पावेल बेल्यायेव अंतराळातून परत येताना ठरलेल्या जागी न उतरता उरलच्या बर्फाळ जंगलात उतरले. लांडगे-अस्वलांच्या त्या मुलुखात त्यांना दोन रात्री काढाव्या लागल्या. या अनुभवानंतर पुढे टीपी-82 नावाची तीन नळ्यांची बंदूक तयार झाली. दोन नळ्या गुळगुळीत, एक रायफलची. 1986 पासून सुमारे वीस वर्षं ती रशियन अंतराळवीरांच्या सामानात असायची.

इंग्रजांनी हिंदुस्थानात वेगळीच युक्ती काढली. फॉस्बेरी नावाच्या लष्करी अधिकार्‍याने 1885 मध्ये पेटंट घेतलं आणि हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीने ती बंदूक 'पॅराडॉक्स' नावाने बाजारात आणली. नळी सगळी गुळगुळीत, फक्त तोंडाशी दोन-एक इंच खाचा. त्याच नळीतून छर्रेही मारा आणि गोळीही. साहेब लोक आणि संस्थानिक तिच्यावर बेहद्द खूश होते.

"आपल्याकडे आता असली नवी मिळायची नाही," मित्राने समारोप केला. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंदच झालं. जी असतील ती जुन्या घराण्यांच्या कपाटात.

मी बाबांना फोन लावला. "आपली कॉम्बिनेशन आहे का हो?" ते हसले. "ये नि बघ."

चार नंबर आणि एलजी

कोकणकन्येने कुडाळ, तिथून एसटीने मालवण आणि मग पंधराएक किलोमीटर आत. दसर्‍याच्या आसपासचे दिवस. टुरिस्ट तारकर्लीला स्नॉर्केलिंग करतात तेव्हा इथे आतल्या गावांत भात पिवळं पडत असतं. डोळ्यांना गारवा देणारं दृश्य. इन्स्टावर टाकलं तर पाचशे लाइक्स नक्की.

बाबांनी गोदरेजच्या कपाटातून कॅनव्हासची पिशवी काढली. साधी दोननळी, बारा बोर. दस्त्यावर आजोबांच्या गालाने पडलेली चकाकी. सोबत परवान्याचं पुस्तक, माझ्यापेक्षा वयाने मोठं. दर नूतनीकरणाचा शिक्का, काडतुसांची नोंद आणि कारणाच्या रकान्यात दोन शब्द : शेती संरक्षण.

पूर्वी आमच्याकडे ठासणीची होती, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. 1959 च्या शस्त्र कायद्यातच तशी सोय आहे. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणार्‍या खर्‍या शेतकर्‍याला परवाना मिळावा आणि ठासणीची पुरेशी नाही अशी अधिकार्‍याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची द्यावी, असं त्यात म्हटलंय. आजोबांनी ही खात्री कशी पटवली माहीत नाही, पण बारा बोर आली. लक्षात घ्या, सवलत गुळगुळीत नळीला आहे. एक नळी रायफलची असलेली कॉम्बिनेशन त्यात बसत नाही.

आजोबांना तिची गरजही पडली नाही. बाबा सांगत होते, "बाबांची उजवी नळी चार नंबरची, डावी एलजीची." म्हणजे उजवीकडे बारीक छर्रे, ससा आणि रानकोंबड्यासाठी. डावीकडे जाड शिसं, डुकरासाठी. घोडे दोन, बोट कुठल्या घोड्यावर न्यायचं ते समोर काय आलं त्यावर. जर्मन कारागिराने तीन नळ्या जोडून सोडवलेला प्रश्न मालवणच्या शेतकर्‍याने काडतुसं बदलून सोडवला होता!

तेव्हा शिकार हा गावाचा सण असायचा. एका बाजूने हाकारे डबे वाजवत रान उठवायचे, दुसर्‍या बाजूला बंदूकवाले बसायचे. मिळालेल्या मटणाचा वाटा हाकार्‍यांपासून देवापर्यंत ठरलेला. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीखसुद्धा देवीचा कौल आणि पारध यांच्यानंतर ठरते, अशी परंपरा सांगतात. शिकार म्हणजे चैन नव्हती, गावगाड्याचाच भाग होता.

"मग तुम्ही का नाही केलीत कधी?" मी विचारलं. बाबांनी उत्तर दिलं नाही. शेजारच्या काकांना हाक मारली. काका अंगणातून आले, नेहमीप्रमाणे डावा पाय ओढत. लहानपणापासून मी तो पाय बघतेय, कधी विचारलं नव्हतं. आज कळलं. बाबा कॉलेजात असताना एका हाक्यात झुडूप हललं आणि कुणीतरी बार काढला. झुडपात डुक्कर नव्हतं, काका होते. बंदूक आमची नव्हती, पण बाबा दहा पावलांवर होते. त्या दिवसानंतर त्यांनी जनावरावर नेम धरला नाही.

डुक्कर समजून माणसावर गोळी सुटल्याच्या बातम्या कोकणात आजही अधूनमधून येतात. पेपरात त्या चार ओळींच्या असतात.

रात्रीचे दोन

रात्री जेवण आटोपून आम्ही तिघं मळ्यात गेलो. चार बांबूंवर पेंढ्याचं छप्पर, खाली फळ्या. हा माळा म्हणजे आमचं नाइट शिफ्टचं ऑफिस. बाबांकडे बारा बोर, काकांकडे त्यांची ठासणीची, माझ्याकडे बॅटरी आणि ओडोमॉस.

काका ठासणीची भरत होते ते मी बॅटरीच्या उजेडात पाहिलं. दारू, मग चिंध्यांचा बोळा, मग गजाने ठोकणं. छर्रे? नाहीत. "आवाजाक छर्रे कित्याक होये?" खरंच की! काडतुसात काय आहे ते कंपनी ठरवते आणि ते महागही. ठासणीची मात्र नुसत्या आवाजापुरती भरता येते. शे-दीडशे वर्षं मागे पडलेलं तंत्र आज या मळ्यात जास्त कामाचं, हे पाहून मला गंमत वाटली.

साडेबारापर्यंत काही नाही. मी चक्क पेंगले. दोनच्या सुमाराला बाबांनी खांदा हलवला. खालच्या कुणग्यातून आवाज येत होता. आधी खसखस, मग नाकाने जमीन उकरल्यासारखं फुरफुरणं, मग भात मोडल्याचा करकर आवाज. एक नाही, पाच-सहा तरी असावीत. बॅटरी टाकली, तर केसाळ काळी पाठ. चाळीस पावलं. माझ्या काळजाचे ठोके मलाच ऐकू येत होते. खरं सांगू? त्या क्षणी मला वाटलं, मारा!

काकांनी नळी आभाळाकडे केली आणि बार काढला. कान बधिर, सगळीकडे धूर. कळप गडगा ओलांडून पलीकडच्या रानात पळाला. आम्ही चहा प्यायलो. तासाभराने तीच डुकरं वरच्या कुणग्यात हजर!

सकाळी पाहिलं तर दोन कुणग्यांतलं भात लोळवलेलं. डुक्कर खातं त्यापेक्षा जास्त तुडवतं. लोंब्या चिखलात गेल्या की त्या भाताचं काही होत नाही. जून-जुलैतली लावणी, बाईमाणसांची मजुरी, खत, सगळं दोन रात्रीत खलास.

कायद्याच्या दोन नळ्या

"चाळीस पावलांवर होतं. परवाना आहे. मग का नाही मारलं?" हा माझा प्रश्न. तुम्हालाही पडला असेल.

कारण बंदूक एका कायद्याने दिलीय आणि डुक्कर दुसर्‍या कायद्याने राखलंय. शस्त्र परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो, प्राणी मारू देत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याचा उरलासुरला मार्गही बंद केला. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्याच्या दुसर्‍या अनुसूचीत आहे. विनापरवानगी मारलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

यातून वाट आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणार्‍या डुकराला मारायची लेखी परवानगी वन खात्याकडून मिळू शकते. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि नीलगायीसाठी हे अधिकार स्थानिक वन अधिकार्‍यांपर्यंत खाली आणले गेलेत. पण अर्ज, पाहणी, आदेश... आणि डुक्कर काही अर्जात लिहिलेल्या तारखेला येत नाही. शिवाय परवानगीने मारलेलं डुक्करही तुमचं नसतं. कायद्याने ती सरकारी मालमत्ता. म्हणजे मटणाचा वाटा विसरा! गवा आणि हत्ती तर पहिल्या अनुसूचीत. दोडामार्गात 2002 पासून हत्ती येतात, माड आणि केळी आडवी करतात, पण पिकासाठी त्यांना मारायची परवानगी कायद्यात नाहीच.

केरळने यावर वेगळा प्रयोग केला. 2022 मध्ये तिथे ग्रामपंचायत आणि नगरपालिकेच्या प्रमुखांना उपद्रवी रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार दिले गेले आणि परवानाधारक बंदूकवाल्यांना हे काम सोपवलं. तो निर्णय चांगला की वाईट यावर वाद घालता येईल. निदान पीक उभं असताना कुणाकडे जायचं हे तरी तिथल्या शेतकर्‍याला ठाऊक असतं.

इथे जे कंटाळतात ते दोन रस्ते धरतात. काही जण गुपचूप मारतात. काही फासकी लावतात, म्हणजे गडग्याच्या वाटेवर ब्रेकच्या वायरचा गळफास. फासकीला परवाना लागत नाही, आवाज होत नाही. पण फासकी डुक्कर आणि बिबट्या यात फरक करत नाही. फासकीत अडकलेल्या बिबट्याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. बार काढणारा माणूस त्यापेक्षा कितीतरी सभ्य.

आणि बंदूक घरात असतेच असंही नाही. निवडणूक आली की शस्त्रं जमा करायचं फर्मान निघतं. लोकसभा एप्रिल-मेमध्ये, म्हणजे काजू-आंब्याच्या दिवसांत. विधानसभा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे भाताच्या दिवसांत. 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात यावर प्रकरण गेलं होतं. त्यानंतर सरसकट नव्हे, तर छाननी समितीने एकेका परवान्याचा विचार करून ठरवावं, अशी पद्धत आली. तरी 2024 च्या नोव्हेंबरातल्या मतदानाआधी बाबांची बारा बोर जमा झाली आणि ते महिनाभर पत्र्याचा डबा बडवत बसले. "डुकरांक आचारसंहिता नाय," काका म्हणाले.

घरमालक कोण?

दुसर्‍या दिवशी दुपारी मी एकटीच गडगा ओलांडून पलीकडे गेले. डुकरं जिथे पळाली होती तिथे. करवंदीची जाळी, रानमोडी, कमरेएवढं गवत आणि मधूनमधून दिसणारे जुने बांध. बांध? म्हणजे ही एकेकाळी शेती होती! खाली चिखलात डुकरांच्या लोळण्याच्या ताज्या जागा.

"ही जमीन कुणाची?" संध्याकाळी विचारलं.

बाबा म्हणाले, "तीन कुणगे आपले. बाकीचे मुंबैकारांचे."

तिन्ही कुणगे आजी गेल्यापासून पड. बाजूचे चाकरमान्यांचे. कुणी ठाण्यात, कुणी पुण्यात, कुणी दुबईत. सातबार्‍यावर वीस नावं, शेतात एकही माणूस नाही. गावात लागवड होते ती मोजक्या घरांची, चारही बाजूंनी रान वाढलेलं आणि सगळी डुकरं त्याच मोजक्या घरांच्या भातावर. काकांचं वर्षाचं भात ज्या कळपाने तुडवलं, तो दिवसभर माझ्या वाटणीच्या जमिनीत झोपतो. डुकरांची घरमालकीण मी!

हे कळल्यावर बंदुकीचा प्रश्न एकदम वेगळा दिसायला लागला. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार बाबांची सत्तरी झाल्यामुळे परवाना वारसाकडे, म्हणजे माझ्याकडे येऊ शकतो. मी अर्ज करीन, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेईन, ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा मारीन. पण पुस्तकातल्या त्या रकान्यात काय लिहिणार? शेती संरक्षण? अंधेरीत बसून?

निघायच्या आदल्या रात्री बाबांना सांगितलं, बंदूक माझ्या नावावर नको. तुम्हाला झेपेल तोवर ठेवा, नंतर रीतसर परवाना असलेल्याला विकू नाहीतर जमा करू. आपले तीन कुणगे काकांच्या मुलाला कसायला द्या. रान तोडायचा आणि पहिल्या नांगरटीचा खर्च मी पाठवीन. पुढच्या वर्षी दोन्ही घरांनी मिळून सौर कुंपणासाठी अर्ज करू. मला वाटलं, बाबा नाराज होतील. आजोबांची वस्तू शेवटी.

ते बराच वेळ दस्ता पुसत राहिले. मग म्हणाले, "बंदूक कोणय घेयत गो. रातीक जागतलो कोण?"

सोमवारी ऑफिसवाल्या मैत्रिणीने विचारलं, "मग, बंदूक आणलीस?" म्हटलं, नाही. कोयतेवाल्यांना अ‍ॅडव्हान्स पाठवलाय.

तुमच्याही गावच्या कपाटात आहे?

• परवाना माणसाला असतो, घराला नाही. परवानाधारक वारल्यावर बंदूक कपाटात 'आठवण म्हणून' ठेवू नका. ती विनाविलंब पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग वारस म्हणून अर्ज करा.

• परवानाधारक हयात असतानाही वारसाकडे हस्तांतर होऊ शकतं. त्यांचं वय 70 झालेलं असावं किंवा शस्त्र 25 वर्षं त्यांच्याकडे असावं.

• 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारणपणे एका व्यक्तीला दोनच शस्त्रं ठेवता येतात (आधी तीन होती). परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आहे.

• शेती संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. प्राणी मारायला वन खात्याची वेगळी लेखी परवानगी लागते.

• पिकाचं नुकसान झालं तर लगेच फोटो काढा आणि वन खात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करा. गावी आई-बाबांना ऑनलाइन जमत नसेल, तर हे काम तुम्ही मुंबईत बसूनही करू शकता.